बांधाला घाम येतो

तळं त्या वर्षी अठरा वर्षांत पहिल्यांदा काठोकाठ भरलं. पाऊस उघडून चार दिवस झाले होते, तरी वरच्या टेकड्यांमधून ओढा येतच होता. तळ्यात न मावणारं पाणी बाजूच्या दगडी सांडव्यावरून अखंड खाली पडत होतं. त्या आवाजामुळे बांधाखालच्या अकरा घरांतली माणसं एकमेकांशी ओरडून बोलायला लागली होती. साधं मीठ मागितलं तरी भांडण चाललंय असं वाटायचं.

बांध तात्यांनी घातलेला. गावातले गडी आणि बायका हाताशी घेऊन, एकाच उन्हाळ्यात. तेव्हापासून गावात त्यांचा शब्द शेवटचा. विहीर कुठे खणायची, भिंत किती रुंद घ्यायची, दोन भावांच्या वाटणीत कुंपण कुठून न्यायचं, सगळं तात्यांना विचारून. पासष्टी उलटली तरी रोज संध्याकाळी हात मागे बांधून ते बांधाच्या माथ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे. खाली अंगणात बसलेली माणसं वर बघून म्हणायची, "निघाली स्वारी."

ओल पहिल्यांदा दिसली ती त्यांच्या सुनेला. शेळीला चारा कापायला ती बांधाच्या पायथ्याशी गेली होती. एका जागी गवत भलतंच हिरवं होतं. तिने पाय टाकला तर घोट्यापर्यंत आत गेला. वाकून मुळं बाजूला केली, तेव्हा मातीतून करंगळीएवढी धार बाहेर येताना दिसली.

जेवताना तिने विषय काढला. "तात्या, बांधाच्या पायथ्याला पाणी पाझरतंय. कुंभाराच्या घराच्या बरोबर मागे."

तात्यांनी घास नीट चावून गिळला. "बांधाला घाम येतो, सूनबाई. एवढं ओझं पाठीवर घेऊन उभा आहे बिचारा. तुला नाही येत, दोन घागरी आणल्यावर?"

तिचा नवरा हसला. तो ट्रॅक्टर चालवायचा, दिवसभर दुसऱ्यांची शेतं नांगरून घरी यायचा आणि जेवताना कुणीही काहीही म्हणालं तरी हसायचा.

"पण चांगली धार आहे," सून म्हणाली.

"स्वच्छ की गढूळ?"

"स्वच्छच वाटली."

"मग निवांत झोप. स्वच्छ पाणी म्हणजे नुसता घाम. गढूळ आलं तर समजायचं, आतली माती सुटली. मग चपला शोधत बसायचं नाही, पळायचं."

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी तात्यांच्या ताटात न मागता आणखी भात वाढला आणि भांडं घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सुनेने घरातली काचेची रिकामी बरणी नेली, धारेखाली धरून भरली आणि खिडकीत ठेवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा भरली. चौथ्या दिवशी पाणी बरणीत पडतानाच चहासारखं दिसलं. तासाभरात तळाला नखाएवढा गाळ बसला. पिवळसर, बारीक, बोटांत चोळला तर पिठासारखा.

ती बरणी घेऊन ओसरीवर आली तेव्हा कुंभार तात्यांशी गप्पा मारत बसला होता. कुंभाराचं घर बांधाला सगळ्यात जवळ, अगदी खेटून. माती हाताशी मिळते म्हणून त्याने मुद्दाम तिथे बांधलं होतं. तात्यांपेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, बुटका, दंडाने भक्कम, नखांत कायम माती. बांध घालताना धुम्मस घेऊन माती चोपणाऱ्यांत तो पहिला होता.

सुनेने बरणी तात्यांसमोर ठेवली. "गढूळ आलंय."

तात्यांनी बरणी उचलून उजेडात धरली. बराच वेळ धरली. मग कुंभाराकडे बघून म्हणाले, "आमच्या घरी भांडी कशी घासतात, बघून घे."

कुंभार खो खो हसला. सुनेच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "मी स्वतः धुतली होती तात्या. आणि तुम्हीच म्हणाला होता..."

"मी म्हणालो होतो ते मला पाठ आहे," तात्या म्हणाले. आवाज चढला नव्हता. "बांध मी घातलाय. तू त्यावरची शेळी सांभाळ."

त्यांनी बरणीतलं पाणी अंगणात ओतलं आणि रिकामी बरणी तिच्या हातात दिली. कुंभाराला तिची दया आली असावी. जाताना म्हणाला, "पोरी, मी तिथेच झोपतो. मला काळजी नको का? पण तात्या आहेत ना."

त्यानंतरच्या पहाटे, उजाडता उजाडता, सून शेळी सोडायला गोठ्यात गेली तर फावडं जागेवर नव्हतं. ती बांधाकडे गेली. धुक्यात तात्या गुडघ्यांवर बसले होते. ओल्या जागी त्यांनी हातभर खड्डा केला होता आणि काळी चिकण माती मुठीने आत कोंबत होते. जवळ भरलेली चार पोती. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले. ते एखाद्या जखमेत बोळा घालावा तसे दाबत होते, आणि दाबताना तोंडाने काहीतरी पुटपुटत होते.

तिची चाहूल लागताच ते उठले. गुडघे कटकन वाजले.

"उंदीर," ते म्हणाले. "उंदरांनी बीळ केलंय. म्हणून माती येतेय."

"मग गावाला सांगायला हवं."

"सांगणारच आहे."

आणि त्यांनी खरंच सांगितलं. सकाळी अकराही घरांतून माणसं गोळा झाली. तात्यांनी बांधावर उभं राहून उंदीर कसे पोखरतात, बीळ कसं नागमोडी जातं, ते काठीने मातीत काढून दाखवलं. काढलं इतकं छान, की बघणाऱ्यांना बांधाच्या पोटातला उंदीर डोळ्यांपुढे दिसायला लागला. दुपारपर्यंत घराघरांतून सापळे आले. कुणी बिळात धूर केला, कुणी कुत्री सोडली. संध्याकाळपर्यंत तीन उंदीर मिळाले. एक तर मांजराएवढा होता, असं नंतर सगळे सांगत. ते तिन्ही उंदीर शेपटीला दोरी बांधून बांधावर टांगले. माणसं येऊन येऊन बघून गेली आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आठवडाभराने रंग आला. घरं, उभी पिकं, गुरं, सगळं इथंच होतं. तीन उंदरांत प्रश्न मिटत असेल तर कुणाला नको होतं?

धारही थांबली. दोन दिवस पायथा कोरडा राहिला. नळावर बायका सुनेला "बरणीवाली" म्हणायला लागल्या. एकीने विचारलं, "आमच्या घागरीत बघ गं, गाळ बसतोय का?" सून त्यांच्याबरोबर हसली. आपलं चुकलं असेल तर बरंच आहे, असं तिने स्वतःला समजावलं. दोन रात्री ती खरोखर गाढ झोपली.

तिसऱ्या दिवशी धार परत आली. आता दोन जागी, दहा हात अंतराने. दोन्हीकडचं पाणी चहासारखं.

त्या दुपारी सासूबाई धान्यातले खडे वेचत होत्या. सून समोर बसली आणि तिने काही न विचारताच म्हातारी बोलायला लागली. नजर सुपात.

"आता पाझरतंय ना, तिथे झाड होतं. मोठं. वरचं तोडलं, सरपणाला वाटलं. बुंधा राहिला. दोन माणसांच्या कवेत येणार नाही एवढा. ह्यांनी चार दिवस खणून बघितलं, मुळं खाली गेलेली. काढायला अजून आठ-दहा दिवस लागले असते आणि आभाळ तर भरून यायला लागलं होतं. म्हणाले, लोखंडासारखं लाकूड आहे, शंभर वर्षं कुजायचं नाही. टाका माती. मी पहिली पाटी टाकली."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"बाकीचे त्या टोकाला होते. एक गडी होता आमच्याबरोबर, तो वारला."

"तुम्ही बोलला नाहीत कधी?"

म्हातारीने एक खडा वेचला, बघितला, टाकला. "पहिलं पाणी अडलं ना, त्या दिवशी लोकांनी ह्यांना खांद्यावर घेतलं. चाळीस माणसं नाचत होती. मी खाली उभी होते. तिथून मी काय ओरडणार होते?" सूप हलवत ती म्हणाली, "आणि मग रोज एक दिवस जास्त होत गेला. आज सांगितलं तर लोक विचारणार, काल का नाही सांगितलं."

"आई, लाकूड कुजलं असेल तर आत पोकळी असेल."

"मला कळतं ते," म्हातारी म्हणाली. "त्यांनाही कळतं. पहाटे उठून जातात ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी मुलाला ट्रॅक्टर काढायला सांगितला. धान्याची सगळी पोती वरच्या माळावर न्यायची, तिथल्या पडक्या छपरीत ठेवायची. इथे ओल फार झालीय, कीड लागेल. मग बायकोला म्हणाले, "तू नातीला घेऊन लेकीकडे जाऊन ये चार दिवस. बरेच दिवसांत गेली नाहीस." सुनेलाही म्हणाले, "तूही जा. शेळी घेऊन जा."

सून अंगणात उभी होती. मुलगा पोती चढवत होता, एकेक पोतं पाठीवर घेऊन, वाकून. त्याची चार वर्षांची लेक वरच्या पोत्यावर बसून टाळ्या वाजवत होती.

"तात्या," सून म्हणाली, "कुंभाराकडे ओल नाही का?"

तात्या दोरी बांधत होते. त्यांनी गाठ मारली, सोडली, परत मारली.

"त्याला काय सांगायचंय?"

"आपण जातोय ते सांगा. का जातोय ते सांगा."

"आपण कुठेही जात नाही. मी इथेच आहे."

"तात्या, तुम्हाला माहीत आहे."

मुलगा पोतं तसंच पाठीवर घेऊन थांबला. आज तो हसला नाही. त्याने बापाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि पोतं ट्रॉलीत टाकून दुसरं आणायला आत गेला.

तात्या एकाएकी म्हणाले, "चल. त्याच्याकडे जाऊ. तुझ्या मनाचं समाधान होऊ दे."

ती त्यांच्या मागोमाग निघाली. वाटेत ते एकदाच बोलले. "बांधाआधी हे गाव काय होतं, तू बघितलं नाहीस. मार्चात पाणी आटलं की माणसं गाव सोडून चालती व्हायची."

कुंभार अंगणात मडकी भाजायचा आवा रचत होता. दोन दिवस रचत होता. खाली सरपण, त्यावर मडक्यांचे थर, मध्ये गवत, वरून ओली माती लिंपलेली. दीडशेच्या वर मडकी असतील. त्याची बायको दारात कोंबड्यांना दाणे टाकत होती. घरामागे पंधरा पावलांवर बांध उभा होता. त्याच्या पायथ्यापासून आता एक लहानसा ओहोळच अंगणाच्या कडेने वाहत होता. कुंभाराने त्याला वाट करून दिली होती, दोन्ही बाजूंना माती लावून.

"या तात्या. बसा." त्याने स्वतःच्या धोतराने दगड पुसला. "बरं झालं आलात. ही पण मागे लागलीय, दोन दिवस बहिणीकडे जाऊ म्हणून. म्हटलं, आवा रचून झालाय. आज पेटवला नाही तर ओल धरून सगळी मडकी फुटतील. आणि एकदा पेटवला की रात्रभर हलता येत नाही." तो तात्यांच्या समोर उकिडवा बसला. "तुम्ही सांगाल तसं. पेटवू की थांबू?"

सांडव्याचा आवाज येत होता. तात्यांनी आव्याकडे बघितलं. मग बांधाकडे. त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता, सुनेला दिसत होतं. त्यांचं तोंड उघडलं. एक क्षण तिला वाटलं, आता बोलतील. मग त्यांनी कुंभाराच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो लहान मुलासारखा विश्वासाने वर बघत होता. अठरा वर्षं तो असाच बघत आला होता.

"पेटव," तात्या म्हणाले.

"नका पेटवू!" सून ओरडली. "काका, आमची पोती माळावर चाललीत. माझ्या पोरीला पाठवताहेत. बांधाखाली झाडाचा बुंधा आहे, कुजलाय. ह्यांना माहीत आहे!"

कुंभार उठला. तो तिच्यावर रागावला नाही. त्याला लाज वाटली होती, तिच्यासाठी. "पोरी, तात्या समोर बसलेत," तो हळूच म्हणाला. "असं बोलू नये."

तात्या उठले आणि आलेल्या वाटेने परत गेले.

सून घरोघर गेली. कुणी दार लावलं, कुणी विचारलं, तात्या काय म्हणतात. तिने बुंध्याचं सांगितलं की लोक चेहरा बाजूला वळवत. पण ट्रॅक्टरवरची पोती सगळ्यांनी बघितली होती. कुणी तिचं खरं मानलं नाही, तरी एकेका घरातून गुरं बाहेर निघायला लागली. "चरायला नेतोय," म्हणत. पोरं निघाली, "वर खेळायला." म्हाताऱ्यांना उचलून न्यावं लागलं, त्यांना "ऊन खायला" नेलं. दुपार कलेपर्यंत माळावर जवळजवळ सगळं गाव बसलं होतं, आणि आपण घाबरून आलोय असं एकानेही म्हटलं नव्हतं. कुंभाराची बायको दोन्ही काखांत कोंबड्या घेऊन आली. "आवा पेटवलाय त्यांनी," ती म्हणाली. "हलायला तयार नाहीत."

चारच्या सुमारास कुणीतरी जड पोतं खाली टाकावं तसा आवाज झाला. बांधाचा मधला भाग आत बसला, शांतपणे. मग तिथून तपकिरी पाणी बाहेर आलं, आधी दाराएवढं, मग घराएवढं. कुंभाराच्या अंगणातून पांढऱ्या वाफेचा मोठा लोट सरळ वर गेला. तापलेल्या आव्यावर पाणी पडलं होतं. माळावरून फक्त ती वाफ दिसली. ती विरेपर्यंत खाली घर नव्हतं, आवा नव्हता, काही नव्हतं. थोड्या वेळाने तळ्याची पातळी उतरली आणि सांडवा बंद पडला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा शांत झालं, आणि त्या शांततेत कुंभाराची बायको नवऱ्याला हाका मारतेय हे सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं.

तात्या वाचले. ते बांधाच्या टोकाला, सांडव्याजवळच्या दगडावर बसले होते. तिथून त्यांना मुलाने हाताला धरून आणलं.

कुंभार दोन दिवसांनी खालच्या शेतात सापडला.

पुढचे पंधरा दिवस लोक चिखल उपसत होते. घमेली, फावडी, पाट्या, ज्याच्या हाताला जे लागेल ते. काम करताना बोलणं व्हायचंच. एवढं पाणी कधी आलंच नव्हतं. उंदीर तर उंदीरच, तीन सापडले म्हणजे तीनशे असतील. बुंध्याचं कुणी काढलं नाही. सून जवळ आली की बोलणं थांबायचं. एकदा तिने पाठीमागून ऐकलं, "वाईट बोलत सुटली होती आठ दिवस. तोंडाने बोलावून आणलं." जी बाई हे म्हणाली, तिच्या सासूला सुनेनेच धरून माळावर नेलं होतं.

सोळाव्या दिवशी सकाळी माणसं तात्यांच्या ओसरीवर आली. तळं रिकामं होतं, ओढा अजून थोडा वाहत होता. बांध परत घालायचा तर आताच.

"तुम्ही फक्त रेघ आखून द्या तात्या. तुम्हाला खुर्ची आणतो. बसून सांगा."

तात्या भिंतीला टेकून बसले होते. पंधरा दिवसांत त्यांचा चेहरा आत गेला होता. "मी नको," ते म्हणाले. सुनेने चमकून वर बघितलं. सासूबाईंचे हात थांबले. सगळी ओसरी थांबली. तात्यांचे ओठ हलले. मग ते म्हणाले, "गुडघे धरलेत."

"अहो, गुडघ्यांचं काय! आम्ही आहोत ना धरायला."

तेवढ्यात कुंभाराची बायको माणसांतून पुढे आली. ती कुणाला दिसलीच नव्हती. ती तात्यांसमोर उभी राहिली, हात रिकामे सोडून.

"त्या दिवशी ह्यांनी तुम्हाला विचारलं होतं ना? मी दारात होते, सांडव्याच्या आवाजात मला तुमचं उत्तर ऐकू आलं नाही. पेटवू की थांबू, विचारलं होतं. तुम्ही काय म्हणालात?"

तात्यांनी तिच्याकडे सरळ बघितलं.

"थांब म्हणालो होतो," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. "थांब म्हणालो होतो गं. ऐकलं नाही त्याने."

"नाही," सून म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "मी शेजारी उभी होते. 'पेटव' म्हणाले."

नवरा तिचा दंड धरायला पुढे झाला आणि मध्येच थांबला. तात्या सुनेकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लपवाछपवीही नव्हती. ते गोंधळले होते. काहीतरी भलतंच ऐकल्यासारखे ते तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या गालांवरून खरी आसवं वाहत होती. सुनेला कळलं की ते खोटं बोलत नाहीयेत. पंधरा दिवसांत त्यांना तो दिवस तसाच आठवायला लागला होता. बांध फुटताना वाटली नव्हती एवढी भीती तिला आता वाटली.

"ती घाबरलेली होती," तात्या मायेने म्हणाले. "आवाजही होता. तिला नीट ऐकू आलं नसेल."

"तेच तर," ओसरीवरचं कुणीतरी म्हणालं. दोघा-तिघांनी माना हलवल्या. कुंभाराच्या बायकोने एकदा तात्यांकडे बघितलं, एकदा सुनेकडे, आणि कुणाचीच बाजू न घेता पायरीवर खाली बसली.

माणसांनी तात्यांना दोन्हीकडून धरून उठवलं. खाली चिखलात, जुन्या बांधाच्या दोन हात पुढे, त्यांना खुर्ची टाकून दिली. खुंट्या आल्या, सुतळी आली. तात्यांनी एक डोळा मिटून समोरची टेकडी बघितली आणि त्यांचा हात वर झाला. हात आता थरथरत नव्हता.

"अगं," त्यांनी घराकडे बघून बायकोला हाक मारली, "दोरीचं टोक धर इकडे येऊन!"

म्हातारी ओसरीवर कुंभाराच्या बायकोशेजारी बसली होती. तिने ऐकलं. ती उठली नाही.

त्यांनी पुन्हा हाक मारली. मग दुसरंच कुणीतरी धावत गेलं आणि टोक धरलं, आणि सुतळी ताठ झाली.